करेक्ट मॅगझिन

१

चोरानं ऑरिन टीगचं मॅगझिन नेलं आणि त्याच्या जागी त्याहून चांगलं ठेवलं.

ऑरिननं हे सांगितलं तेव्हा कुणी ते मनावर घेतलं नाही. शनिवारची दुपार, दोन वाजलेले. वायोमिंगमधल्या शायेनच्या जत्रेच्या मैदानातला पत्र्याचा हॉल जुन्या बंदुकांच्या बाजारानं गच्च भरला होता. जो तो घासाघिशीत गुंतला होता आणि मागच्या बाजूनं खिमा-राजम्याच्या चिलीचा वास येत होता.

"म्हणजे तुम्हाला फायदा झाला," ब्रिन हॅलवर्सन म्हणाली.

"पोरी, मला फायदा नकोय. मला माझं हवंय."

ब्रिन तिच्या सासऱ्यांच्या, हार्लनच्या टेबलामागे घडीच्या खुर्चीवर बसली होती. एक पाय बाबागाडीच्या चाकाला टेकलेला, मांडीवर वही. गाडीत अकरा महिन्यांचा ओटो एक विणलेलं पिवळं केळं गाडीच्या दांड्यावर आपटत होता. टक-टक. टक-टक. लोकरीच्या केळ्यापेक्षा आवाज जरा मोठाच होता, पण ओटो रडत नव्हता आणि तेवढं ब्रिनला पुरेसं होतं.

वहीवरून सगळं टेबल तिची चेष्टा करी. ओटो जन्मल्यापासून ती त्यात सगळं टिपून ठेवी: किती वाजता दूध, किती वाजता झोप, कुणी घेतलं, तोंडात काय गेलं. "पोराचं विमान चालवतेय, मिनिटामिनिटाची नोंद," हार्लन म्हणे. बंदुकांच्या बाजारात तर तिच्या जिवाला थाराच नसे. शिसं, वंगण, बारके स्क्रू, आणि हात न धुता पोराचा गालगुच्चा घेणारी शंभर माणसं. नवरा तेलविहिरीवर पाळीवर होता, हार्लनचा गुडघा दुखत होता, म्हणून ती आली होती. चार वर्षांपूर्वी लग्न ठरल्यावर ती इथे पहिल्यांदा आली, तेव्हा हार्लननं सांगितलं होतं, "आपल्याकडे जुनी मॅगझिनं आहेत." आणि साहित्यात पदवी घेतलेली ही मुलगी खोक्यांत महायुद्धाच्या काळातली मासिकं शोधत बसली. खोक्यात निघाले काडतुसं भरायचे रिकामे पत्र्याचे डबे. पंधरा गोळ्यांचे आखूड आणि सरळ, तीस गोळ्यांचे लांब आणि जरा वाकडे. ती गोष्ट हार्लन अजून गिऱ्हाइकांना सांगे.

"दाखव बघू," हार्लन आता म्हणाला.

ऑरिननं डबा त्याच्या हातात दिला. ऑरिन बहात्तर वर्षांचा, कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सचा, जन्मभर जमिनी मोजलेला माणूस. त्याला बोटभर फरक सहन होत नसे.

हार्लननं डबा नाकाशी नेला, चष्मा वर केला. "युद्धातलं अस्सल. तीस गोळ्यांचं. ग्रीस लावून गुंडाळलेलं असतं तेच, पुसून काढलेलं. ऑरिन, माझ्या पेटीत ही नव्वद डॉलरला एक आहेत."

"आणि माझं?"

"तुझं? साठच्या दशकातलं बाजारू. पाच डॉलर, तेही घेणारा भेटला तर."

"मग कुठलं खुळ्या डोक्याचं माणूस पाचाचं नेऊन नव्वदाचं ठेवील?" ऑरिननं विचारलं.

या प्रश्नावर मात्र ब्रिननं वही मिटली.

२

"तुमचं नाही हे कशावरून?" तिनं विचारलं. "पत्रा तसाच, आकार तसाच."

"हलवून बघ."

तिनं हलवलं. काही वाजलं नाही.

"माझं वाजतं. आतली स्प्रिंग ढिली आहे. हलवलं की दोनदा वाजतं. बाबांनी चौसष्ट साली घेतलं, हार्डवेअरच्या दुकानातून, माझ्यासमोर. घरी येईपर्यंत मी ते गाडीत वाजवत होतो आणि आई कातावली होती. दर सातव्या गोळीला अडकतं. बाबा म्हणायचे, तेवढ्यात कोंबड्यांवर टपलेला कोयोटी पळून जातो, त्यालाही जगायचं असतं."

सकाळी नऊ वाजता ऑरिन बापाची कार्बाइन, युद्धातली आखूड बंदूक, घेऊन आला होता. तिचा एक खिळा बसवायचा होता आणि तसं बारीक काम हार्लनसारखं कुणी करत नसे. बाजाराचा नियम असा की दारातच बंदूक तपासायची, मॅगझिन काढून वेगळं ठेवायचं आणि बंदुकीला प्लॅस्टिकची पट्टी बांधायची. त्यामुळे कार्बाइन हार्लनच्या हातात आणि मॅगझिन शेजारी टॉवेलवर, अशी सकाळ गेली. ऑरिन मित्रांना भेटून, चिली खाऊन दोन वाजता परतला, तर टॉवेलवर दुसरंच.

"बरं, वाजणारं गेलं, न वाजणारं आलं," हार्लन म्हणाला. "घरी ने, आणि बाबांना सांग मुलाची बढती झाली."

"घरी नेता येत नाही, हार्लन. तेच तर दुखणं आहे."

हार्लन वायोमिंगचा. इथे तीस गोळ्यांचं घ्या की शंभराचं, कुणी विचारत नाही. पण हमरस्त्यानं दक्षिणेला पंधरा मिनिटं गेलं की कोलोरॅडो लागतं, आणि तिथे दोन हजार तेरा सालच्या एक जुलैपासून पंधरापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन घेता येत नाही, देता येत नाही, ठेवता येत नाही.

"मग तुमचं जुनं तीसचं कसं चालतं?" ब्रिननं विचारलं.

ऑरिननं पाकिटातून घडी घालून घालून मऊ झालेला कागद काढला. कायद्यातला उतारा होता, स्वतःच्या हातानं लिहून काढलेला. "त्या तारखेला जे माझ्या मालकीचं होतं आणि तेव्हापासून अखंड माझ्या ताब्यात आहे, ते मला ठेवता येतं. तेवढंच. त्याच्यासारखं दुसरं नाही. ते गेलं तर त्याच्या जागी नवीन नाही. हे अस्सल मी गाडीत टाकलं आणि सीमा ओलांडली, की मी गुन्हेगार. आणि रिकामा गेलो, तर बाबांच्या बंदुकीला बाबांचं मॅगझिन परत कधीच नाही."

तो हसत बोलत होता, पण कागदाची घडी घालताना त्याची बोटं चुकली.

चार वाजता हॉल बंद होणार होता. टेबलं आवरली जातील, खोकी गाड्यांत चढतील, आणि पाच डॉलरचा एक वाकडा डबा नेब्रास्काला गेला की मोंटॅनाला, कुणाला कळणार नाही.

"पॉप, ओटोकडे बघा," ब्रिन हार्लनला म्हणाली. मग थोडं थांबून, "नको. ओटोला मीच घेते."

३

सकाळभर त्या टॉवेलजवळ फिरकलेली माणसं तीन. डाव्या टेबलाचा रॉइस डंकल, उजव्या टेबलाची मार्लिस, आणि दारावरचा लॉनी.

लॉनी पट्ट्या बांधायच्या कामावर होता. समोर पट्ट्यांचा गठ्ठा, आत येणाऱ्यांच्या मनगटावर मारायचा रानरेड्याचा शिक्का, आणि मेणकागदात गुंडाळलेलं सँडविच. कागद तपकिरी होता. ब्रिनची नजर त्यावर थांबली.

"सकाळी आमच्या टेबलाशी आला होतास?"

"दोनदा, मॅडम. हार्लनला बारीक छिन्नी हवी होती, ती माझ्या भावाच्या टेबलावर. मीच घेऊन गेलो त्याला. साडेदहाच्या पुढे."

"मग तेव्हा टेबलावर कोण होतं?"

"ते मला काय विचारता? तुम्ही कुठे होतात?"

"हात धुवायला गेले होते."

"पुन्हा?" लॉनी म्हणाला. "बाळाला साबणाचं वेड लागेल एक दिवस."

"दारातून तीसचं मॅगझिन बाहेर गेलं?"

"मी बंदुका बांधतो, मॅडम. डबे किती गेले ते देवाला ठाऊक." मग त्यानं आवाज खाली आणला. "पण मार्लिसला विचारा. ऑरिन ओरडत आला तेव्हा ती दचकली. मी बघितलं."

मार्लिस बंदुकांच्या बाजारात विणलेली फळं-भाज्या विकायची. वीस वर्षं. बायका नवऱ्यांबरोबर येतात, कंटाळतात आणि वांगं घेऊन जातात, असं तिचं गणित होतं. तिच्या टेबलावर लोकरीच्या मुळ्यांची जुडी होती, टोमॅटोंची रास होती, न भरलेल्या मक्याच्या कणसांच्या खोळी एका टोपलीत होत्या.

"मार्लिस, ऑरिनच्या टॉवेलवरून कुणी काही उचलताना दिसलं?"

"टॉवेलवरून? नाही गं राणी. टाके मोजत होते."

"सकाळभर?"

"एक टाका चुकला की गाजराचा मुळा होतो." तिनं मान वर केली नाही. कान मात्र लाल झाले होते. मग एकदम, "ओटो खूश आहे ना? रडत नाहीये ना?"

"नाही."

"मग झालं तर," मार्लिस म्हणाली, आणि भराभर विणू लागली.

काहीतरी लपवतेय, हे ब्रिनला लख्ख कळलं. पण मार्लिसला तीसचं मॅगझिन कशाला हवं? तिच्या घरात बंदूक नव्हती. कोल्ह्यालासुद्धा ती झाडू दाखवायची.

राहिला रॉइस. उंच, काटकुळा, शर्टाच्या खिशात भिंग. कार्बाइन म्हणजे त्याचा धर्म होता. कुठला स्क्रू कुठल्या वर्षीचा, हे तो दोन हात लांबून सांगे. त्याच्या टेबलावर एकीकडे मखमलीवर मांडलेला माल, दुसरीकडे 'काहीही घ्या, पाच डॉलर' अशी पाटी लावलेला भंगाराचा टब. घासाघिशीत तो असा चिवट की डोनटवाल्या बाईनंसुद्धा त्याला बारा सेंट सूट दिली होती, नुसतं गप्प बसावं म्हणून.

"ऑरिनच्या बंदुकीबद्दल काय माहीत आहे तुम्हाला?" ब्रिननं विचारलं.

रॉइसचा चेहरा उजळला. "चव्वेचाळीस सालची. दस्ता मूळचा, नळी मूळची, पट्ट्याची कडी मूळची. मॅगझिनपासून नळीच्या तोंडापर्यंत सगळं त्या काळातलं. करेक्ट. एवढी करेक्ट कार्बाइन या हॉलमध्ये दुसरी नाही. आणि ती आहे एका जमीन मोजणाऱ्याकडे, जो तिनं कोयोटी घाबरवतो."

"आणि चोरीचं?"

"कसली चोरी? चांगला माल मिळाला म्हणून रडणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय. जास्त चौकशी करू नये. चौकशीनं भाव उतरतो."

तो मखमल झटकू लागला. ब्रिन परत आली. पावणेतीन वाजले होते, आणि तिच्याकडे एका बाईचे लाल कान आणि एका माणसाचा तपकिरी कागद, याखेरीज काही नव्हतं.

कागद. ती उभीच राहिली. तपकिरी कागद तिनं आज आणखी कुठेतरी पाहिला होता.

४

ओटोच्या पिशवीच्या पुढच्या कप्प्यात चिमटीबंद थैली होती. पोराच्या तोंडातून काढलेली प्रत्येक वस्तू ब्रिन त्यात ठेवी, डॉक्टरांना दाखवायला. आजच्या थैलीत तपकिरी मेणकागदाचा नखाएवढा तुकडा होता. वहीत नोंद होती:

*१०:५० – मुठीत कागद. गिळला नाही. लॉनीच्या सँडविचचा असावा. बरा वाटतोय.*

असावा. तिनं थैली उघडली आणि तुकडा नाकाशी नेला. सँडविचच्या कागदाला लोणच्याचा वास यायला हवा होता. याला रंगीत मेणखडूंचा, जुन्या गॅरेजचा वास होता.

"पॉप, तुमच्या पेटीतलं एक गुंडाळलेलं द्या."

हार्लननं दिलं. तिनं वास घेतला. तोच. युद्धानंतर ग्रीस लावून मेणकागदात गुंडाळून ठेवलेला माल. कागद सोलावा लागतो, आणि सोलताना त्याचे तुकडे पडतात.

"आज यातली किती गेली? कुणी नेली?"

"तीन. दोन ओमाहाच्या म्हाताऱ्यानं नेली. एकशे साठावर आणलं मला, माझ्या गुडघ्याकडे बघत बघत. आणि एक रॉइसनं."

"रॉइसनं किती दिले?"

"नव्वद."

"किती वेळ घासाघीस केली?"

हार्लन बोलायला लागला आणि थांबला. "केलीच नाही," तो हळूच म्हणाला. "नव्वद काढून दिले आणि गेला. मला वाटलं बरं नाहीये त्याला."

ब्रिननं वहीचं पान उलटलं. तिची नेहमीची काळजी आता निराळंच काम करत होती. प्रत्येक ओळ कुणाकडे तरी बोट दाखवत होती.

*१०:३५ ते १०:५० – ओटो रॉइसकडे. (मी हात धुवायला.)*
*१०:५५ – रॉइसनं ओले पुसायचे कागद मागितले. तीन दिले. हात चिकट, म्हणाला. डोनट?*

"ऑरिन," तिनं विचारलं, "तुम्ही सकाळी आलात तेव्हा रॉइस बंदुकीबद्दल काय म्हणाला?"

"जे दहा वर्षं म्हणतोय तेच. सगळं करेक्ट, फक्त मॅगझिन बाजारू. रेशमी सदऱ्याला प्लॅस्टिकचं बटण."

"मघाशी मला म्हणाला, मॅगझिनपासून नळीच्या तोंडापर्यंत सगळं करेक्ट."

ऑरिननं डाव्या टेबलाकडे पाहिलं. हार्लननंही पाहिलं. रॉइस भिंग पुसत होता, आणि पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"रॉइस," ब्रिन म्हणाली, "बटण कधी बदललंत?"

५

तो नाकारील असं तिला वाटलं होतं. पण रॉइसनं सुस्कारा सोडला. शाळेत फळा पुसायला पकडलं गेल्यासारखं तोंड केलं त्यानं.

"दहा वर्षं, ब्रिन. दहा वर्षं दर वसंतात ती कार्बाइन इथे येते आणि तिच्या पोटात ते भंगार. मला झोप लागत नाही. आज हार्लन छिन्नीला गेला, तू साबणाला गेलीस, मांडीवर ओटो होता. सोललं, पुसलं, ठेवलं. ऑरिनला कळणारच नाही असं वाटलं. भेट होती ती. नव्वद डॉलरची."

"सांगून का नाही दिलंत?"

"घेतलं असतं का त्यानं?"

"नाही," ऑरिन म्हणाला.

"मग? तीसच्या जागी तीस. तुमचा कायदा गोळ्याच मोजतो ना?"

ऑरिननं पुन्हा तो मऊ कागद काढला आणि रॉइससमोर धरला. रॉइसनं भिंगातून वाचला. स्क्रूचं साल शोधावं तसा, एकेक शब्द. वाचता वाचता त्याचा रंग उतरला.

"हा कायदा गोळ्या मोजत नाही," तो म्हणाला. "हा डबा ओळखतो."

"एवढाच एक."

"म्हणजे मी तुला गुन्हेगार करून घरी पाठवत होतो."

"करेक्ट," ऑरिन म्हणाला.

"आता ते आहे कुठे?" ब्रिननं विचारलं. घड्याळात तीन वीस झाले होते.

"भंगारात टाकलं. इथेच." रॉइसनं टब ओढला. हात घातला. मग दोन्ही हात घातले. मग टब टेबलावर पालथा केला. गंजके पट्टे, तुटके दस्ते, पंधराची पाच मॅगझिनं, कुठल्याशा तंबूचा खुंटा. तीसचं वाकडं एकही नाही.

"विकलं?"

"पाच डॉलर पैशांच्या डब्यात टाकून लोक उचलून नेतात. मी बघतही नाही." त्याचा आवाज बारीक झाला होता. "पंधरा-वीस जणांनी नेलं असेल आज."

ऑरिन खुर्चीवर बसला. कार्बाइन त्यानं मांडीवर आडवी घेतली आणि जिथे मॅगझिन बसतं त्या रिकाम्या खाचेवर अंगठा ठेवला. हॉलच्या टोकाला कुणीतरी टेबलाचे पाय घडी करायला लागलं, आणि तो खडखडाट एकामागून एक पुढे सरकत येऊ लागला.

६

ब्रिननं वही उघडली, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. अकरा ते दोन. कोण आलं, काय घडलं.

*११:३० – झोप. वीस मिनिटं.*
*१२:१० – मार्लिसनं केळं दिलं. घरी नेऊन धुणे. आतून वाजतं. काय आहे ते विचारणे.*
*१:२० – शी. भरपूर.*

ती 'विचारणे' या शब्दावर थांबली. विचारायचं राहूनच गेलं होतं. एक वाजता ओटो भुकेला, मग शी, मग ऑरिन.

मार्लिसच्या मुळ्यात कापूस असतो. टोमॅटोत कापूस असतो. कापसाचं वांगं कितीही आपटलं तरी वाजत नाही.

गाडीत ओटोनं केळं वर उचललं, तोंड वेडंवाकडं करून जोर लावला, आणि दांड्यावर आणलं.

टक-टक.

ऑरिनची मान वर झाली.

"पुन्हा," तो म्हणाला. "बाळ, पुन्हा वाजव."

ओटोला असं आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं वाजवलं. दोनदा, एकामागून एक, दुसरा आवाज पहिल्यापेक्षा जरा दबका.

"चौसष्ट साल," ऑरिन म्हणाला. "गाडीची मागची सीट."

"मार्लिस," ब्रिननं हाक मारली, आणि आपला आवाज एवढा शांत कसा हे तिचं तिलाच कळेना, "माझ्या पोराच्या केळ्यात काय आहे?"

मार्लिसनं सुया खाली ठेवल्या. "आधी शपथ घे, चक्कर येऊन पडणार नाहीस."

"नाही पडत."

"उठल्यावर किरकिर करत होता. तू दूध गरम करायला गेलीस, हार्लन गिऱ्हाइकात. त्याला रॉइसच्या टबाजवळ नेलं, तर त्यानं ते वाकडं उचललं आणि सोडेना. वाजत होतं ना. काढून घेतलं की बोंब. म्हटलं, बंदुकीचा डबा पोराच्या हातात बघितलास तर तू आयुष्यभर माझ्याशी बोलणार नाहीस. म्हणून दोन्ही टोकांना कापूस कोंबला आणि केळ्याच्या खोळीत शिवलं. आकार तोच होता गं, नशीब. आधी धुतलं. साबणानं. दोनदा. आणि पाच डॉलर टाकले डब्यात, विचार याला." तिनं श्वास घेतला. "तू टॉवेलचं विचारलंस. टॉवेलवरून मी काही उचललं नव्हतं."

ब्रिनच्या डोळ्यांपुढे शिसं, वंगण आणि धारदार पत्रा या क्रमानं येऊन गेलं. तिनं ओटोचे दोन्ही तळवे पाहिले. गुलाबी, स्वच्छ, थुंकीनं ओले. खोळीला कुठेही भोक नव्हतं. मार्लिसची शिवण, तिच्यातून मुंगीसुद्धा बाहेर आली नसती.

"दोनदा धुतलंस?"

"गरम पाण्यानं."

"बरं," ब्रिन म्हणाली, आणि बसली.

मार्लिसनं कात्रीनं टाके उसवले. कापूस निघाला, आणि मागून एक काळपट, पोचे आलेला, बाजारू डबा. ऑरिननं तो कानाशी नेऊन हलवला. मग हार्लनच्या हातात दिला. हार्लननं हलवला, रॉइसला दिला. रॉइसनं भिंग न लावता बघितला आणि दोन्ही हातांनी परत केला.

ओटोनं रिकाम्या केळ्याकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं.

"एक राहिलं," ऑरिन म्हणाला. पोराच्या आवाजावर त्याला आवाज चढवावा लागला. "अखंड ताबा. नऊ ते चार हे कुणाच्या ताब्यात होतं, असं कुणी विचारलं तर?"

"मी वकील नाही," ब्रिन म्हणाली. "सोमवारी वकिलाला विचारा. पण तुम्ही ते विकलं नाहीत, दिलं नाहीत, सोडलंही नाहीत. ते तुमच्यापासून पन्नास पावलांच्या पलीकडे गेलं नाही. आणि तो विचारील की हे कशावरून, तर..."

तिनं वहीकडे पाहिलं. मग आजचं पान जपून फाडलं. खाली तिनं तारीख घातली आणि सगळं थोडक्यात लिहिलं. रॉइसनं आपल्या पंधरा मिनिटांपुढे सही केली, आणि 'मूर्खपणा' असा शब्द आपण होऊन जोडला. मार्लिसनं केळ्यापुढे सही केली. लॉनी शिक्का घेऊनच आला होता. त्यानं कोपऱ्यात निळा रानरेडा उमटवला आणि म्हणाला, आता हे सरकारी झालं.

रॉइसनं नव्वदाचं मॅगझिन हार्लनपुढे सरकवलं. "परत घेतोस?"

"उघडलेलं आहे. पुसलेलं आहे," हार्लन म्हणाला. "पन्नास."

"पन्नास? सकाळी नव्वद..."

"पंचेचाळीस."

रॉइस पुन्हा माणसात आला. त्यानं खुर्ची ओढली आणि बाही वर केली.

ऑरिननं कार्बाइन पेटीत ठेवली, शेजारी बापाचं मॅगझिन, आणि वर ते पान. झाकण लावण्याआधी त्यानं ते पुन्हा वाचलं, वरपासून खालपर्यंत.

"१:२०ची नोंद खोडू का?" ब्रिननं विचारलं. "तेवढी वगळून चालेल."

"मुळीच नाही," ऑरिन म्हणाला. "ताबा अखंड हवा, पोरी. एक ओळ गाळली की खंड पडतो. न्यायाधीशासमोर वेळ आली तर मी उभा राहून वाचेन."

तो दाराकडे चालू लागला. पेटी हातात हलत होती, आणि प्रत्येक पावलाला आतून दोनदा वाजत होती. ओटो रडायचा थांबून त्या दिशेला बघत राहिला.

ब्रिननं कोरं पान काढलं. *३:५५*, तिनं लिहिलं, *केळं रिकामं. मार्लिस कापूस भरून देणार. वाजणार नाही.* मग थोडा विचार करून 'नाही' खोडलं आणि मार्लिसकडे वळली.

"आत एखादं घुंगरू शिवता येईल का? पक्कं?"